श्रावणात घात, वैशाखात मृत्यू

वैशाखात बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर-नांदुऱ्याकडील सडकांच्या कडेला वाळून उभी राहिलेली रोपे दिसली म्हणजे त्यांच्या मृत्यूचे खापर आपण बिनदिक्कत उन्हावर फोडतो. परंतु पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीपुरते तरी हे निदान अपुरे आहे, कारण त्यांपैकी कित्येकांचा घात आधीच्या श्रावणातील झडीतच झालेला असतो.

चिकणमातीची सूक्ष्म रंध्रे पाण्याने भरली की त्यांतील हवा हद्दपार होते, आणि प्राणवायूचा प्रसार हवेच्या मानाने पाण्यात सुमारे १०,००० पट मंद असल्यामुळे मुळांचे श्वसनच खुंटते; त्यांची कोवळी अग्रे मरतात, पर्णरंध्रे मिटतात आणि पाने भर पाण्यात माना टाकतात. पाऊस ओसरल्यावर रोप पुन्हा हिरवे दिसते खरे, पण खोल जाणारे मूळ गमावून ते आता पृष्ठभागालगतच्या वीतभर थरावर जगत असते. आणि उन्हाळ्यात प्रथम सुकणारा, भेगाळणारा व भेगांबरोबर मुळेही तोडणारा थर नेमका तोच. पानांचा पसारा आवरून अन्न मुळांकडे वळवावे आणि ओलीचा माग काढीत खाली जावे, ही अवर्षणाला तोंड देण्याची रोपांची स्वाभाविक रीत. तिचे साधनच अशा रोपापाशी उरलेले नसते.

खोऱ्याच्या वर, घाटावरच्या मुरमाड उतारांची कथा निराळी. तेथे पाणी थांबत नाही, म्हणून अंजनाचे रोप पहिल्याच हंगामात वर थोडके वाढून खाली मात्र लांब सोटमूळ सोडते, आणि शेंडा वाळला तरी पुढच्या पावसाळ्यात बुडापासून पुन्हा फुटते. घाटाखालच्या काळ्या जमिनीत तुंबलेले पाणी सोसणारी झाडे बाभूळ, करंज आणि नदीकाठचा अर्जुन; तेथे निंब किंवा साग लावणे म्हणजे निचऱ्याचा हव्यास असलेल्या झाडाला चिखलात कोंडणे होय.

२०१६ साली राज्याने २ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला आणि २०१९ पर्यंत तो ३३ कोटींवर नेला. त्या उत्साहाविषयी मला आदरच आहे. पण वृक्षारोपण म्हणजे खड्डा, हे समीकरण आपल्या मनात आणि दप्तरात इतके रुजले आहे की काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात रांजणासारखा भरून राहतो, याचा विचारच होत नाही. क्षारयुक्त जमिनीच्या खारपाणपट्ट्यात तर ही मातीच पाणी खाली जाऊ देत नाही. तेथे खड्डा नको, मातीचा उंचवटा हवा. त्याला लागणारी जादा मजुरी अंदाजपत्रकात मंजूर व्हावी, आणि लागवडीची मोजदाद रोप लावल्या दिवशी न करता दुसरा उन्हाळा उलटल्यावर करावी.

जुलै २०२३ मध्ये याच जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने हाहाकार माजवला. अशा हंगामानंतर पिकांबरोबर कोवळ्या रोपांचाही पंचनामा झाला पाहिजे, आणि तोही पाणी ओसरताच, मूठभर रोपे उपटून त्यांची मुळे पांढरी आहेत की काळी पडली आहेत हे पाहून; कारण काळे मूळ हाती लागले तर त्याच पावसाळ्यात उंचवट्यावर दुसरे रोप लावता येते, वैशाखात ती मुभा नसते. घाटावर मात्र सलग समपातळी चर काढून अंजनाचे बी जागेवरच पेरावे, म्हणजे रोपवाटिकेतल्या पिशवीच्या तळाशी वेटोळे घेण्याची पाळी त्या सोटमुळावर येणार नाही.