मुलाला फोन कशासाठी?

धुळ्याच्या एका वाचकाने या आठवड्यात कळवलेली हकिगत वाचून संताप आला. वृद्धाश्रमातले एक आजोबा आणि एक आजी संध्याकाळी हातात हात घेऊन बसलेले तिथं काळजी घेणाऱ्या मावशींना दिसले. ‘या वयात हे चाळे?’ म्हणत आजोबांची खाट दुसऱ्या इमारतीत हलवली आणि मुलाला फोन करून सुरतहून बोलावून घेतलं. या फोनबद्दल मी पूर्वीही लिहिलंय, ही खोड मोडेपर्यंत लिहीन. 2007 च्या कायद्याने आईबापाला पोसण्याची जबाबदारी मुलांवर टाकली, त्यांच्या मनावर ताबा दिला नाही.

आपल्याकडे मातोश्री वृद्धाश्रमांची योजना 1995 मध्ये आली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रिव्हरडेलमधल्या ‘हिब्रू होम’ने रहिवाशांच्या लैंगिक संबंधांबाबत लेखी धोरण केलं. तिथल्या एका परिचारिकेने दोन वृद्धांना खोलीत एकत्र पाहिलं आणि काय करू, असं प्रमुख डॅनियल रेनगोल्ड यांना विचारलं. पाय न वाजवता बाहेर ये, दार लावून घे, असं त्यांनी सांगितलं. दोघांची संमती आहे ना, स्मृतिभ्रंश असेल तर ती कशी ओळखायची, याचाही त्या धोरणात विचार आहे.

शिरोळ तालुक्यातल्या घोसरवाडच्या जानकी वृद्धाश्रमात 2023 मध्ये पंचाहत्तरीचे आजोबा आणि सत्तरीच्या आजींचं लग्न लागलं. कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण अक्षता पडल्याशिवाय शेजारी बसायचंच नाही का? लग्न प्रत्येकाला परवडतंच असं नाही. पुनर्विवाहाने विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबू शकतं. आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढेल, हीच मुलांची खरी भीती असते, असं माझं पक्कं मत आहे.

मावशींवर माझा राग नाही. आंघोळ घालताना एखादा म्हातारा त्यांच्या अंगचटीला येतो, तेव्हा ‘म्हातारचळ आहे, सोडून द्या’ म्हणून त्यांनाच गप्प बसवतात. राजीखुशीने जवळ आलेल्या दोघांना मात्र शिक्षा. हा फरक मावशींना कोणी शिकवलाच नाही, म्हणून त्यांना सगळंच सारखं किळसवाणं वाटतं.

जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक आश्रमात एक पानभर नियम लागलेच पाहिजेत. दार वाजवल्याशिवाय खोलीत शिरायचं नाही. रहिवाशाला विचारल्याशिवाय घरी कळवायचं नाही. आणि मावशीने छेडछाडीची तक्रार केली, तर त्याच दिवशी लिहून घ्यायची.