गिऱ्हाईक प्रश्न विचारतंय? विचारू द्या!

घर विकायला काढलं की सारा गाव सल्लागार होतो. पोशेऱ्यातलं आमचं घर विकायचं ठरल्यापासून मी एकच सल्ला ऐकतोय, "गुरुजी, फार बोलू नका, गिऱ्हाईक पळेल." मला काही हे पटत नाही.

गिऱ्हाईक किरकिरं असतं, हे खरं. कुणाला कौलांऐवजी स्लॅब हवा, कुणाला दारापर्यंत गाडी यायला हवी. कुणी ठरलेल्या किमतीतून पुन्हा रंगाचे पैसे कापायला सांगतो. यात चिडण्यासारखं काही नाही. जमलं तर द्यावं, नाहीतर हसून नाही म्हणावं. आपलं आयुष्य त्या घरात गेलं असेल, पण त्याच्यासाठी त्या नुसत्या भिंती!

काहीजण खोदून खोदून विचारतात. सातबारा कुणाच्या नावावर? भावाबहिणींची संमती आहे का? पाणी किती महिने पुरतं? वर्गातही असा एखादा मुलगा असायचाच, आणि धडा बहुधा त्यालाच कळलेला असायचा. शिवाय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. आमच्या मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात गावोगावी टँकर. श्रावणात आलेल्या पाहुण्याला हिरवा डोंगर दिसतो, कोरडी विहीर दिसत नाही. म्हणून मीच म्हणतो, "एकदा मे महिन्यात या, मग ठरवा." काहीजण पुन्हा फिरकले नाहीत. चालेल.

पण एका मागणीला मी उभं करत नाही. आम्ही आदिवासी. 1974 पासून जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे आमची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर शासनाची मान्यता घेऊन जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. शहरातून आलेले दोघे-तिघे म्हणाले, "आमच्या ओळखीचा एक आदिवासी आहे. कागद त्याच्या नावावर करू, पैसे आम्ही देतो. अर्धे रोख." जमीनजुमल्याच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रुपये रोख घ्यायला 2015 पासून बंदी आहे, हेही त्यांना माहीत होतं! भाव मात्र चढा होता. म्हातारपणी तो पैसा कामी आला असता, हे नाकारत नाही.

पण अंगठे उमटवून घेऊन आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या, म्हणून तर हा कायदा आला. मी जन्मभर पोरांना सही करायला शिकवलं. उद्या त्यातल्याच एखाद्याची सही भाड्याने घेतली जाणार, आणि कोर्टाच्या फेऱ्याही त्याच्याच नशिबी येणार. मग शिकवून काय मिळवलं?

असो. शंभर प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक परवडलं. एकही प्रश्न न विचारता रोख पैशांची पिशवी पुढे करणाऱ्याला आधी आपणच प्रश्न विचारावेत. तुम्हाला काय वाटतं?