विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती, तर माधवराव कोठे?

१/९
१४ जानेवारी १७६१. पानिपतावर दुपारच्या सुमारास विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचे पारडे फिरले. दरवर्षी संक्रांत आली की एक प्रश्न नव्याने विचारला जातो : ती गोळी हुकली असती तर? प्रश्न उत्तम आहे. त्याला मिळणारी उत्तरे मात्र बहुधा आळशी असतात.

२/९
ठरलेले उत्तर असे : गोळी हुकते, अब्दाली हरतो, अटकेपार गेलेला झेंडा तेथेच राहतो, पुढे माधवराव पेशवे, महादजी शिंदे आणि नाना फडणवीस मिळून इंग्रजांना समुद्रात लोटतात. युद्धाचा हा निकाल घटकाभर मान्य करता येईल. या उत्तराचा खरा दोष त्यातील पात्रांच्या यादीत आहे.

३/९
विश्वासराव हे नानासाहेब पेशव्यांचे थोरले पुत्र आणि गादीचे वारस; माधवराव धाकटे. थोरला जिवंत परतला, तर १७६१ मध्ये अवघ्या १६ वर्षांच्या धाकट्याला पेशवाईची वस्त्रे मिळण्याचे कारणच उरत नाही. मराठी मनाचा सर्वांत लाडका पेशवा कल्पनेच्या पहिल्याच पावलावर इतिहासातून वजा होतो.

४/९
महादजींचेही तेच. दत्ताजी शिंदे जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. जनकोजी पानिपतानंतर पकडले जाऊन मारले गेले. पायाला जखम घेऊन वाचलेल्या महादजींकडे सरदारकी आली ती या मृत्यूंनंतर, तीही वारसाच्या दीर्घ वादातून. विजयात जनकोजी जगतात. मग १७७२ मध्ये बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवणारे पाटीलबावा कोठून आणायचे?

५/९
आता लाट आणखी दूर जाते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव क्षयाने गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. विश्वासराव गादीवर असतील, तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. बारभाई नाहीत, म्हणून बारभाईंतून घडलेले नाना फडणवीसही नाहीत. पण राघोबांची महत्त्वाकांक्षा त्या गोळीवर अवलंबून नव्हती. पानिपत जिंकून पुण्यास परतलेले सदाशिवरावभाऊ आणि राघोबा एकाच दरबारात नांदले असते का? घरचा कलह संपत नाही. त्याचे पक्ष तेवढे बदलतात.

६/९
काही गोष्टी मात्र गोळीने मुळीच बदलत नाहीत. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस बागपतला यमुना ओलांडून अब्दालीने मराठ्यांची दिल्लीची वाट तोडली. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. सूरजमल जाट आधीच बाजूला झाला होता. छावणीत सैन्याबरोबर यात्रेकरू आणि कुटुंबकबिला होता. लढाईच्या दिवशी फौज उपाशीपोटी बाहेर पडली. विजय मिळाला असता, तरी त्या संध्याकाळी दाणागोटा आकाशातून पडणार नव्हता. प्लासी १७५७ मध्येच घडून गेली होती. पानिपतच्या जयाने बंगाल परत येत नाही. आणि पंजाबात शिखांचे बळ वाढतच होते; १७६५ मध्ये लाहोर त्यांनीच घेतले. विजयी मराठ्यांनाही तेथे त्यांच्याशी तह तरी करावा लागला असता किंवा युद्ध तरी.

७/९
संभाव्य इतिहासाच्या लेखनाची शिस्त येथे दिसते. जे व्यक्तींवर उभे असते, म्हणजे वारसा, सूड, कारस्थान, ते एका गोळीने उलथते. जे अन्न, पैसा आणि आरमार यांवर उभे असते, ते मंदगतीने हलते. कल्पनेला पहिल्याबाबत धीट आणि दुसऱ्याबाबत सावध राहावे लागते. मनोराज्ये नेमके उलट करतात : माणसे तीच ठेवतात आणि परिस्थिती पुसून टाकतात.

८/९
मराठीत याचे चांगले उदाहरण आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना ती गोळी लागत नाही. तरीही गंगाधरपंत ज्या जगात पोहोचतात ते स्वर्ग नाही. तेथील मुंबईत इंग्रज अजून ठाण मांडून आहेत. बदललेल्या इतिहासातही काहीतरी नकोसे शिल्लक ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्या कथेत आहे, म्हणून ती पटते.

९/९
हा केवळ कथालेखनाच्या तंत्राचा वाद नव्हे. ‘एका गोळीने घात केला’ असे एकदा ठरले, की रसद का तुटली, उत्तरेत मित्र का उरले नाहीत, लढवय्यांच्या छावणीत यात्रेकरू का होते, हे विचारण्याची गरजच राहत नाही. सारा दोष नशिबाच्या माथी मारला जातो आणि पानिपतावर पडलेली माणसे कशामुळे मेली, हे कळायचे राहून जाते. म्हणून येत्या संक्रांतीला कोणी पुन्हा ‘गोळी हुकली असती तर’ असे म्हणेल, तेव्हा त्याला खुशाल पुढे बोलू द्यावे. फक्त अधूनमधून दोनच प्रश्न विचारावेत : या कथेत माधवराव कोठे आहेत? आणि त्या रात्री छावणीत जेवण कोठून आले?