तीन बरण्यांचं मीठ
आमच्या ओट्यावर सध्या मिठाच्या तीन बरण्या आहेत: लोणच्याचं खडेमीठ, रोजचं बारीक आणि सूनबाईंनी आणलेलं गुलाबी ‘हिमालयन’. हे तिसरं म्हणजे आजीचं उपवासाचं शेंदेलोणच, भाव तेवढा चढलेला. नाव हिमालयाचं, प्रसिद्ध खाण मात्र पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याची. गुलाबी छटा लोहाची खरी, पण ते लोह अंगी लागायला मूठमूठ मीठ खावं लागेल! बाकी ९५ टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच; रक्तदाबाला तिन्ही बरण्या सारख्याच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा चमचा, पापड-लोणच्यासकट. शिवाय रोजच्या मिठात गलगंड टळावा म्हणून आयोडीन घातलेलं असतं, गुलाबीत ते बहुधा नसतं. एवढं ऐकून सूनबाईंनी बरणी मुकाट्यानं साबुदाण्याच्या डब्याशेजारी सरकवली.