बदललेला स्वभाव आणि आपला न्याय

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’, ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ या म्हणीही त्याच अर्थाच्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले हे शहाणपण खोटे नाही. साठी उलटली तरी रागीट मनुष्य बहुधा रागीटच राहतो आणि कंजूष हा कंजूषच. परंतु या म्हणींच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. सुंभ जळल्यावरही पीळ जात नसेल, तर आयुष्यभर सौम्य असलेला मनुष्य पन्नाशी-साठीच्या सुमारास एकाएकी उर्मट, निर्लज्ज किंवा निष्ठुर झाला, याचा अर्थ काय लावायचा? आपण जो अर्थ लावतो तो पुष्कळदा चुकतो आणि त्या चुकीची किंमत एखादे घर वर्षानुवर्षे मोजत राहते. ती किंमत मी जवळून पाहिली आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

माझे थोरले काका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्याकडे पाहून घड्याळ लावावे, असा त्यांचा नेम. उसनी घेतलेली टाचणीही परत करणारे आणि घरातल्या लेकी-सुनांशी बोलताना आवाज न चढवणारे असे ते गृहस्थ. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांच्यात बदल दिसू लागला. प्रारंभी तो गमतीचा वाटला. ताटात रोज गोड हवे म्हणून ते हटून बसत, डब्यातले लाडू एका दुपारी संपवत. पुढे गंमत सरली. एका नातलगाच्या अंत्ययात्रेत ते मोठ्याने हसले. बाजारात फळवाल्याच्या गाडीवरचे केळे उचलून, पैसे न देता, खात खात पुढे निघून गेले. काकू तापाने फणफणल्या होत्या तेव्हा त्यांनी काकूंच्या कपाळाला हातसुद्धा लावला नाही, ‘चहा कधी?’ एवढेच विचारले. चुलत बहिणीच्या लग्नात भर मांडवात त्यांनी व्याह्यांच्या अंगकाठीवरून नको ते उद्गार काढले. मी त्यांना अडवले, तेव्हा ते मला जे बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणे सोडले.

घरातील प्रत्येकाने आपापला निष्कर्ष काढला. कोणी म्हणाले, निवृत्ती जवळ आली म्हणून बिथरले. कोणी म्हणाले, मूळचे असेच असणार, इतकी वर्षे मुखवटा होता. कोणी पत्रिका दाखवून आले, कोणी करणीचा संशय घेतला. काकू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत, ‘‘ह्यांचा जीवच राहिला नाही आमच्यात.’’ डॉक्टरांकडे न्यावे असे कोणालाही सुचले नाही, कारण त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. जुन्या विद्यार्थ्यांची नावे ते घडाघड सांगत, पावणेदोनकीचा पाढा म्हणून दाखवत. मेंदूचा आजार म्हणजे विसरभोळेपणा, ही आमची समजूत. चार वर्षांनी ते पायरीवरून पडले. त्या निमित्ताने पुण्यातील एका मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय काढून घेतला आणि चित्रातील कपाळामागच्या भागावर बोट ठेवून सांगितले, ‘‘हा भाग झिजत चालला आहे. ते जे करतात ते मुद्दाम करीत नाहीत.’’ काकू ढसाढसा रडल्या. त्या रडण्यात दुःख होते, तशी एक सुटकाही होती, असे मला आजही वाटते.

मी कलाशाखेचा पदवीधर. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या पुस्तकापुरता. परंतु त्या दिवसानंतर मी या विषयावर वाचत गेलो. या वाटेने जाणाऱ्याला अगदी आरंभी एक मनुष्य हमखास भेटतो. तो म्हणजे अमेरिकेतील रेल्वेमार्गाच्या कामावरचा मुकादम, फिनियस गेज.

१३ सप्टेंबर १८४८. व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. पंचवीस वर्षांचा गेज सुरुंगाची दारू लोखंडी पहारीने ठासत असताना स्फोट झाला. सुमारे साडेतीन फूट लांबीची आणि सहा किलो वजनाची ती पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून, डाव्या डोळ्यामागून जाऊन, कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली आणि कित्येक फूट दूर जाऊन पडली. आश्चर्य असे की गेज मेला नाही. काही मिनिटांतच तो बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामी परतला. डॉ. जॉन हार्लो यांनी त्याच्यावर उपचार केले. जंतुसंसर्गाने तो मरणाच्या दारी पोहोचला होता, पण वाचला. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. चालणे, बोलणे, स्मरण मात्र टिकले. तरीही त्याच्या मालकांनी त्याला जुन्या जागेवर घेतले नाही. अपघातापूर्वी त्यांच्या दृष्टीने तो सर्वांत कर्तबगार मुकादम होता. अपघातानंतर तो लहरी, शिवराळ झाला, एक बेत करावा आणि दुसऱ्या क्षणी तो सोडावा असे वागू लागला. हार्लो यांनी १८६८ मध्ये जो सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात स्नेह्यांच्या दृष्टीने हा पूर्वीचा गेज उरलाच नव्हता, असा त्याचा आशय आहे. त्याची कवटी आणि ती पहार आज हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयात आहेत.

बोलणे-चालणे शाबूत आणि माणूस मात्र दुसरा, हे कसे घडते? मेंदूचा कपाळामागचा भाग, ज्याला डॉक्टर ‘फ्रंटल लोब’ म्हणतात, तो आपल्या वागण्याचा लगाम आहे. राग, भूक, वासना, भय यांच्या ऊर्मी मेंदूच्या खोलवरच्या भागांतून उठतात. त्या सर्वांच्याच मनात उठतात, सज्जनांच्याही. परंतु ‘आता नको’, ‘इथे नको’, ‘समोरच्याला काय वाटेल’ असे म्हणणारी यंत्रणा मुख्यतः या पुढच्या भागाच्या आधारावर चालते. तो दुखावला की घोडा तोच राहतो, लगाम सुटतो. आपण ज्याला सभ्यता, लाज, ममता म्हणतो, त्या गुणांनाही देहात एक आसन लागते, ही गोष्ट आपल्याला मान्य करणे जड जाते.

या घोडदौडीला आघातच लागतो असेही नाही. रसायनाच्या मात्रेतील फरकही पुरतो. कंपवातात मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते. त्याचे काम करणारी काही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराचा, बेसुमार खरेदीचा किंवा कामवासनेचा अनावर नाद लागल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे. ज्यांनी आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही असे गृहस्थही त्यांत आहेत. औषध कमी केले वा बदलले की पुष्कळांचा तो नाद ओसरतो. अशा माणसाला ‘म्हातारचळ लागला’ म्हणणे सोपे आहे. औषधाच्या चिठ्ठीकडे पाहणे अधिक न्यायाचे आहे.

काकांच्या आजाराचे नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. प्राग येथील अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये या गटातील पहिल्या रुग्णाचे वर्णन केले. हा आजार पुष्कळदा ४५ ते ६५ या वयात, म्हणजे मनुष्य कर्ता असतानाच सुरू होतो. त्याच्या एका प्रमुख प्रकारात आरंभी स्मृती बऱ्यापैकी टिकते. संकोच, सहानुभूती आणि तारतम्य आधी जाते. गोडाची हाव, तीच तीच कृती करीत राहणे, घरच्यांविषयी अलिप्तता ही त्याची लक्षणे. म्हणून असे रुग्ण प्रथम मानसोपचारांकडे, ज्योतिषाकडे किंवा थेट भांडणाकडे जातात. २०२३ मध्ये हॉलिवूडचे अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने त्यांना हाच आजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचे नाव जगभर पोहोचले. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरील अभ्यासात आहे. त्यांत काकांच्या प्रकारचे रुग्ण थोडे. पण ओळखले न जाण्याचे दुर्दैव त्यांच्याच वाट्याला अधिक येते.

या आजारावर गुण देणारे औषध अद्याप नाही. मग निदान करून लाभ काय, असे कोणी विचारील. पहिला लाभ असा की वागणे बदलण्याची सर्वच कारणे असाध्य नसतात. थायरॉइडची कमतरता, ब१२ जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तातील सोडियम उतरणे, डोक्याला मार लागून कवटीत हळूहळू साचलेले रक्त, मेंदूत वाढलेली गाठ, यांमुळेही शांत मनुष्य चिडका किंवा भ्रमिष्ट होऊ शकतो. यांपैकी पुष्कळांवर उपाय आहे. मात्र तो वेळेवर व्हावा लागतो. दुसरा लाभ घरच्यांचा. ज्याला आपण चार वर्षे अपराधी ठरवले तो रुग्ण आहे हे कळले, की घरातला संताप शमतो. पैशांचे व्यवहार वेळीच सांभाळता येतात, फळवाल्याला आधीच सांगून ठेवता येते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सारे मेंदूवरच ढकलले, तर जबाबदारी कोणाची? उद्या प्रत्येक शिवराळ मनुष्य म्हणेल, ‘माझा मेंदूच तसा.’ आपल्या भाषेत याचे उत्तर तयार आहे: ‘कळते पण वळत नाही’. भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमात मनोविकल माणसाच्या कृत्याला गुन्ह्यातून सूट आहे, पण ती त्याला कृत्याचे स्वरूप अथवा त्यातील गैरपणा ‘कळत’ नसेल तेव्हा. काकांना विचारले असते, तर पैसे न देता फळ घेणे चूक, हे त्यांनी अचूक सांगितले असते. कळत होते, वळण्याची शक्ती गेली होती. कायद्याने कोठे रेषा ओढावी याचा विचार विधिज्ञ करोत. घराने मात्र आपली रेषा स्पष्ट ठेवावी. स्वभाव असणे वेगळे आणि स्वभाव बदलणे वेगळे. जो तरुणपणापासून तापट आहे, त्याने स्वतःला आवरण्याचा अभ्यास करावा. त्याला मेंदूची सबब मिळणार नाही. जो कालपर्यंत तसा नव्हता, तो आज का झाला, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. स्वभावाला औषध नसेल. बदललेल्या स्वभावाला डॉक्टर आहे.

गेजच्या कथेचा उत्तरार्ध पाठ्यपुस्तके फारशी सांगत नाहीत. काही लेखनात तर त्याला भटक्या, मद्यपी करून टाकले आहे, ज्याला तुटपुंजाही आधार नाही. प्रत्यक्षात १८५२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे काही वर्षे त्याने घोडागाडीच्या चालकाचे काम केले. अनेक घोड्यांच्या गाडीतून उतारू न्यायचे, ठरल्या वेळी निघायचे, परक्या भाषेच्या मुलखात निभवायचे, हे काम लगाम पूर्ण सुटलेल्या माणसाला जमणारे नाही. १८६० मध्ये, अपस्माराच्या झटक्यांनी, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आपल्या आईजवळ निवर्तला. मध्यंतरीच्या काळात तो पुष्कळ सावरला असावा आणि त्या रोजच्या ठरीव कामाने त्याला सावरले असावे, असे आज काही अभ्यासक मानतात. जखम झालेल्या मेंदूलाही शिस्तीचा, नित्यक्रमाचा आणि माणसांचा आधार मिळाला तर तो नवी वाट शोधू शकतो. झिजत जाणाऱ्या आजारात तेवढी आशा नसते; पण तेथेही ठरावीक दिनक्रम आणि शांत स्वर यांमुळे रुग्णाचा आणि घराचा दिवस सुसह्य होतो, हे आम्ही काकांच्या शेवटच्या वर्षांत अनुभवले.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. आपल्या घरात, शेजारी, आपल्या कामात वर्षानुवर्षे सोबत असलेल्या एखाद्या ज्येष्ठात असा बदल दिसला, तर न्यायनिवाडा करण्यापूर्वी तो लिहून ठेवा: काय बदलले, केव्हापासून, कोणते औषध नव्याने सुरू झाले, डोक्याला मार लागला होता काय. तो कागद घेऊन घरच्या डॉक्टरांकडे आणि त्यांच्या सल्ल्याने मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. कोठे जावे हे कळत नसेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. आणि सेवा करणाऱ्या घरच्या बाईला एक दुपार विश्रांती मिळेल अशी व्यवस्था शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करावी. काकूंना ती फार उशिरा मिळाली.

निदान झाल्यावर मी काकांकडे गेलो आणि त्या मांडवातील प्रसंगाबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा घेतला आणि सोडून खाऊ लागले. मी काय म्हणालो ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. चार वर्षे आधी गेलो असतो, तर कदाचित पोहोचले असते.