लेथवरचा शिकाऊ उमेदवार कोणाचा?

पहिल्या पाळीच्या वेळी भोसरीच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पत्रके घेऊन उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. पत्रक घेणारे हात बहुधा पन्नाशीकडे झुकलेल्या कायम कामगारांचे असतात; विशीतली पोरे मात्र मान खाली घालून पुढे निघून जातात. या पिढीला चळवळीचे काही सोयरसुतक नाही, असा निष्कर्ष आपण घाईने काढतो. वस्तुतः आपल्या पत्रकात त्यांच्याविषयी एक ओळही नसते.

यांपैकी अनेक जण आयटीआयमधून टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेले असतात. प्रमाणपत्र हाती असले तरी कारागीर अजून घडायचा असतो. टूलला धार लावणे, चकात जॉब डगमगणार नाही असा धरणे, ड्रॉइंग वाचणे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे माप मायक्रोमीटरने घेणे, आटे पाडताना कॅरेज नेमकी कोठे सोडायची हे हाताला कळणे, यांची शाळेत तोंडओळख होते. अंगवळणी ती पडतात जुन्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून. हायस्पीड टूलखाली पोलादाचा कीस निळा पडू लागला की वेग उतरवायचा. चकाची चावी चकात विसरायची नाही. हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ जायचे नाही. असे धडे ज्याला पहिल्या महिन्यात कोणी दिले नाहीत, त्याला ते कधीकधी बोट गमावून शिकावे लागतात.

आज त्याच्या वाट्याला काय येते? सीएनसी मशीनचे दार उघडायचे, तयार जॉब काढायचा, कच्चा लावायचा, बटण दाबायचे. प्रोग्रॅम दुसरा लिहितो, सेटिंग तिसरा करतो. सीएनसी आले याबद्दल आमची तक्रार नाही. यंत्राला शिव्या देणारा समाजवाद आम्हांला मान्य नाही. तक्रार ही की शिक्षणाच्या नावाखाली उत्पादन काढून घेतले जाते, आणि मुदत संपताच जुना उमेदवार बाहेर व नवा आत येतो. वर्षभर बटण दाबलेल्या मुलाला दुसऱ्या कारखान्यात पुन्हा बटणच दाबावे लागते.

कायद्याने या व्यवहाराला मोकळी वाट करून दिली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचा स्पष्ट समावेश होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या १८ व्या कलमाने तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी ठरला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर त्याला कामगाराच्या व्याख्येतूनच वगळले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. २०१९ च्या नियमांनी उमेदवारांचे प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ठरवले आणि आयटीआय प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये केले. २०१६ च्या प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकारने उचलला. म्हणजे मालकाच्या स्वस्त मजुरीला जनतेच्या तिजोरीचा हातभार!

परंतु सारा दोष सरकार आणि मालक यांच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. वर्गणी न देणारा, उद्या येथे नसणारा हा मुलगा आपल्या कामगार संघटनांच्याही हिशेबात नव्हता. वेतनकरार करताना आपण कायम कामगारांची पगारवाढ पदरात पाडली आणि शेजारच्या मशीनवरच्या पोराकडे काणाडोळा केला. कित्येक ठिकाणी तर तो आपल्या जागेवर टपलेला आहे अशा संशयाने त्याला वागवले गेले. आज कायम कामगार निवृत्त होत आहेत, त्यांच्याबरोबर सभासदसंख्या ओसरत आहे, आणि त्यांच्या जागी आलेल्या मुलांना आपले नावही ठाऊक नाही.

तरीही कायद्यात धरण्यासारखे काही शिल्लक आहे, आणि ते फारच थोड्यांना माहीत असते. १४ व्या कलमाने कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी शिकाऊ उमेदवाराच्या प्रशिक्षणालाही लागू केल्या. १६ व्या कलमाने प्रशिक्षणातून व प्रशिक्षणकाळात झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. १९ व्या कलमानुसार प्रत्येकाच्या प्रशिक्षणातील प्रगतीची नोंद मालकाने ठेवायची असते. ही नोंद मागण्यासाठी संप करावा लागत नाही. या मुलाला टूल घासायला किती दिवस दिले, सेटिंगवर कधी उभे केले, मायक्रोमीटर त्याच्या हाती कोणी दिला, असे साधे प्रश्न प्रत्येक कारखान्यातल्या आपल्या प्रतिनिधीने विचारावेत. कायम कामगारांच्या पुढच्या मागणीपत्रकात प्रत्येक उमेदवाराला पाळीपाळीने सर्व कामांवर बसवण्याचे कलम घालावे, आणि निवृत्तीला आलेल्या मिस्त्रींनी आठवड्यातून एक संध्याकाळ संघटनेच्या कचेरीत या मुलांना द्यावी. तेथे ड्रॉइंगचा कागद आणि एक जुना व्हर्निअर एवढे सुरुवातीला पुरेल. उद्याच्या पत्रकावर त्या वर्गाची वेळ छापायची.