एकट्याचा वाल आणि गावची गुरे

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यांतील खाचरांत भाताची कापणी झाल्यावरही काही काळ ओल टिकून राहते. या ओलीवर वाल उत्तम येतो. त्यास पाण्याची पाळी द्यावी लागत नाही, फारसा खर्च येत नाही, शिवाय जमिनीचा कस सुधारतो. असे असूनही कित्येक गावांत भातानंतर शिवार ओसाड पडलेले दिसते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: "वाल पेरू हो, पण गुरांचे काय?"

कापणी आटोपली की गुरे मोकळी सोडावयाची, ही कोकणातील जुनी वहिवाट आहे. सारे शिवार रिकामे असते तेव्हा तीत कोणाचेच नुकसान नसते. उलट चारा मिळतो आणि शेण शेतात पडते. परंतु त्याच शिवारात एकाने वाल पेरला, तर गावची सारी गुरे त्याच्याच हिरव्या पट्ट्यावर येतात. म्हणून तो पुढच्या वर्षी पेरीत नाही. तो पेरीत नाही म्हणून शेजारी पेरीत नाही, आणि कोणीच पेरीत नाही म्हणून गुरे बांधण्याचे कोणास कारण उरत नाही. यात एकही मनुष्य आळशी अथवा अडाणी नाही. प्रत्येक जण इतरांकडे पाहून शहाणपणानेच वागत असतो, तरीही साऱ्या गावाचे मिळून नुकसान होते.

अशा गुंतागुंतीच्या व्यवहाराचा अभ्यास करण्याची एक पद्धत शास्त्रज्ञांनी विकसित केली आहे. तिला बहुकर्ता प्रतिरूप असे म्हणता येईल. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. गावाची सरासरी काढावयाची नाही. प्रत्येक घर हा एक स्वतंत्र कर्ता मानावयाचा, तो कोणाकडे पाहून काय ठरवितो याचा नियम लिहावयाचा, आणि असे अनेक कर्ते एकत्र वागू लागले म्हणजे काय घडते ते फेरीफेरीने पाहावयाचे. हे काम संगणकावर होते, तसेच ते खळ्यावर मांडलेल्या खड्यांनीही होऊ शकते.

उदाहरणादाखल दहा घरांची एक कल्पित वाडी घेऊ. पहिले घर म्हणते, कोणी बांधो वा न बांधो, आम्ही गुरे बांधू. दुसरे म्हणते, एकाने बांधली तर आम्ही बांधू. तिसरे दोघांची वाट पाहते, चौथे तिघांची, आणि याच क्रमाने दहावे घर नऊ जणांची. येथे पहिल्याने सुरुवात करताच एकामागून एक दहाही घरे गुरे बांधतात. आता एवढाच फरक करा की, दुसऱ्या घरचा कर्ता मुलगा नोकरीसाठी मुंबईस गेला, आणि ते घर आता एकाऐवजी दोघांची वाट पाहू लागले. पहिले घर गुरे बांधते. दुसरे व तिसरे दोघेही "दोघांनी बांधू दे" असे म्हणून थांबतात, आणि गाडी तेथेच अडते. दहा घरांऐवजी एकच घर उरते! सरासरी काढली तर पहिल्या वाडीत ती ४.५ येईल आणि दुसऱ्या वाडीत ४.६. सरासरीवरून या दोन वाड्यांत काहीच भेद दिसणार नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७८ साली हाच मुद्दा शंभर माणसांच्या जमावाचे उदाहरण घेऊन मांडला होता.

यावरून विस्तार कार्य करणाऱ्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. एखादा प्रगतिशील शेतकरी निवडावा, त्याच्या शेतावर प्रात्यक्षिक घ्यावे, मग इतर आपोआप अनुकरण करतील, अशी आपली रीत आहे. बियाण्याच्या किंवा खताच्या बाबतीत ती योग्य आहे. वालाच्या बाबतीत मात्र एकट्याचे शेत म्हणजे गुरांना निमंत्रण. ते फस्त झाले म्हणजे "वाल येथे होत नाही" याचेच प्रात्यक्षिक गावास घडते, आणि भुर्दंड पडतो तो आपला शब्द मानून प्रथम पुढे आलेल्या माणसास. हे न्यायाचे नव्हे. म्हणून माझे मत असे की, या कामी पहिल्या शेतकऱ्यापेक्षा दुसरा आणि तिसरा शोधणे अधिक महत्त्वाचे आहे. जे घर सर्वांत शेवटी हलणार आहे त्याच्या दारी व्याख्याने देत बसू नये. साखळी जेथे तुटते तेथील घराची अडचण दूर करावी.

जागेचाही विचार करावा. नऊ गुंठ्यांच्या चौरस खाचराची एक बाजू ९९ फूट असते आणि चारी बाजूंचे कुंपण ३९६ फूट होते. अशी सोळा खाचरे शिवारभर विखुरलेली असतील तर एकूण ६,३३६ फूट कुंपण लागेल. तीच सोळा खाचरे एका सलग चौरसात असतील तर १,५८४ फुटांत, म्हणजे चौथाईत, काम भागते. प्रत्यक्षात खाचरे इतकी चौरस नसतात हे खरे, परंतु सलग पेरणीचा लाभ त्यामुळे नाहीसा होत नाही.

भातशेतीतील एक परदेशी उदाहरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंडोनेशियातील बाली बेटावर शेतकऱ्यांच्या पाणीवाटप संस्था आहेत. त्यांना तेथे 'सुबक' म्हणतात. कोणी केव्हा लावणी करावी आणि शेते केव्हा पडीक ठेवावी, हे त्या जलमंदिरांच्या द्वारे आपसांत ठरवीत. १९७० नंतरच्या दशकात अधिक उत्पन्नासाठी शक्य तितक्या वेळा पीक घेण्याचा सल्ला देण्यात आला. वेळापत्रक मोडले, पाण्याची ओढाताण झाली आणि किडींना वर्षभर खाद्य मिळू लागले. पुढे स्टीफन लान्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी १७२ सुबकांचे संगणकीय प्रतिरूप तयार केले व ते १९९३ साली प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक सुबकाने फक्त शेजाऱ्यांकडे पाहावे आणि ज्याचे पीक उत्तम आले त्याचे वेळापत्रक उचलावे, एवढाच नियम होता. काही फेऱ्यांनंतर जी रचना आपोआप उभी राहिली, ती जलमंदिरांच्या जुन्या व्यवस्थेशी बरीच मिळतीजुळती होती. जुन्या वहिवाटीत कोणते शहाणपण दडले होते ते यामुळे उमगले.

परंतु एक सावधगिरी अवश्य बाळगावी. प्रतिरूपाचे नियम कचेरीत बसून लिहिले तर ते चुकतील. 'गुरे बांधा' असे सांगणे सोपे आहे. पण बांधलेल्या जनावरास चारा-पाणी घालावयाचे कोणी? ज्या घरातील पुरुष मुंबईस आहेत, तेथे हा भार घरातील स्त्रियांच्या डोक्यावर येतो. ज्यास जमीन नाही आणि चार शेळ्यांवर ज्याचा संसार आहे, त्याने कोठे जावे? असे घर 'नाही' म्हणते तो हट्ट नव्हे, हिशेब होय. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याची तरतूद केली आहे, परंतु कोंडवाडा हा हिशेब सोडवीत नाही. सामाईक राखण्या नेमणे, एखादी माळरानाची पट्टी चराईस राखून ठेवणे, भाताचा पेंढा नीट साठविणे, हे उपाय त्या घराचा नियम बदलू शकतात.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना अशी की, कापणीपूर्वी, नवरात्राच्या सुमारास, एक बैठक घ्यावी. अंगणात राखेने शिवाराचा नकाशा काढावा. ज्यास पेरावयाचे असेल त्याने आपल्या खाचरावर वालाचा दाणा ठेवावा. मोकळ्या गुरांसाठी खडे ठेवावे. एक फेरी म्हणजे एक वर्ष, असे धरून पाच फेऱ्या खेळाव्या. प्रत्येक फेरीनंतर 'दाणा का उचललात?' एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे. स्त्रियांना, शेळीवाल्यांना आणि गुराख्यांना बैठकीस आवर्जून बोलवावे. आफ्रिकेतील सेनेगल नदीच्या खोऱ्यात पाटपाण्याच्या प्रश्नावर ऑलिव्हिए बारेतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच खेळ शेतकऱ्यांबरोबर खेळले होते.

हा खेळ भविष्य सांगणार नाही. परंतु प्रत्येकास आपल्या दाण्याबरोबर शेजाऱ्याचाही दाणा दिसेल, आणि आपल्या 'नाही'मुळे कोणाचे पाऊल अडले आहे हेही कळेल. ज्या गावास एवढे दिसले, त्या गावात पहिला वाल पेरणारा एकटा पडणार नाही.